नेहमीचे काय आणि नवे काय

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ‘छातीत जरा दुखतंय’ एवढेच बोलून तू विषय बदललास. तो संकोच मी ओळखते, कारण तो माझ्याकडूनच तुझ्याकडे आला आहे. म्हणून समोर बसवून सांगायचे राहिले ते लिहून कळवते.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन जड होणे, दुखणे, हाताला गाठीगाठी लागणे हे संप्रेरकांच्या चढउतारामुळे होते आणि पाळी सुरू झाली की बहुधा ओसरते. शिवाय नुसते दुखणे हे कर्करोगाचे लक्षण क्वचितच असते. एक स्तन दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असणे किंवा स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळावर बारीक उंचवटे असणे, यातही काही वावगे नाही. ते उंचवटे म्हणजे त्वचा मऊ ठेवणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांना पुटकुळ्या समजून पिळू नकोस.

स्तनाग्राकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. जन्मापासून आत वळलेले स्तनाग्र ही शरीराची ठेवण असते, परंतु इतकी वर्षे बाहेर असलेले स्तनाग्र आत ओढले जाऊ लागले, तर ते डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. एकाच स्तनाग्रावर खाज, खपल्या किंवा चिघळणारी त्वचा असेल आणि मलमाने दोन-तीन आठवड्यांत ती बरी होत नसेल, तर तिला इसब म्हणून सोडून देऊ नये. जेम्स पॅजेट यांनी 1874 साली वर्णन केलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा कर्करोगाचा प्रकार अगदी असाच दिसतो.

तू शाळेत असताना माझ्या डाव्या स्तनाग्रातून, न दाबताही, रक्ताची छटा असलेला थेंब येत असे. मी तीन महिने तो कोणालाही न सांगता पुसत राहिले. तपासणीत दुग्धनलिकेतली चामखिळीसारखी निरुपद्रवी वाढ निघाली. पण ती निरुपद्रवी आहे हे तपासल्यावाचून कोणालाच सांगता आले नसते, आणि त्या तीन महिन्यांतली एकही रात्र मला धड झोप लागली नव्हती. दोन्ही बाजूंनी दुधासारखा स्राव येण्यामागे बहुतेक वेळा गर्भारपण, एखादे औषध किंवा थायरॉइड असते. तोही डॉक्टरांच्या कानावर घालावा.

याखेरीज पाळी संपल्यावरही न जाणारी गाठ, काखेतली गाठ, संत्र्याच्या सालीसारखी खळ्याखळ्यांची त्वचा किंवा औषधाने न उतरणारी लाली दिसली, तर पुढच्या पाळीची वाट पाहू नकोस. तुझ्या वयात सापडणारी, बोटाखाली सरकणारी गुळगुळीत गाठ बहुधा साधी असते, तरी तो निर्णय आपल्या बोटांवर सोडू नये. तरुण स्तनांची घडण दाट असल्यामुळे डॉक्टर आधी सोनोग्राफी सांगतील आणि गरज वाटली तर सुईने नमुना घेतील.

(दादालाही हे वाचायला दे, स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो, आणि पुरुष तर आपल्याहून उशिरा बोलतात.)

पाळी संपून चार-पाच दिवस झाले की आरशासमोर उभी राहून एकदा नीट पाहा. दुखणे तेव्हाही एकाच जागी असेल, तर डॉक्टरांची वेळ घे आणि मला दिवस कळव. मी बरोबर येते.

तुझी,
आई