प्रवेश घेण्याआधी हे सांगा

महोदय,

फौजदारी न्याय या विषयात पदवी घ्यायची म्हटले, की घरचे लगेच विचारतात, 'म्हणजे पोलीस होणार का?' पोलीस दल हा एक मार्ग झाला. प्रोबेशन म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका; ते काम पाहणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याबद्दल मात्र मुलांना कुणी सांगतच नाही, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. शिक्षा ठरण्याआधी हा अधिकारी दोषी ठरलेल्या माणसाच्या घरी जातो, शिक्षकांशी, मालकाशी बोलतो. आधीचे गुन्हे, व्यसन, घरात जबाबदारी घेणारे कोण, हे सारे अहवालात मांडतो. तुरुंग की देखरेखीखाली सुटका, हे ठरवताना न्यायाधीश तो अहवाल विचारात घेतात. १८४१ मध्ये बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस या जोडे बनवणाऱ्या कारागिराने एका दारुड्याला स्वतःच्या हमीवर न्यायालयातून सोडवून आणले. प्रोबेशनच्या पद्धतीची सुरुवात तिथे मानतात.

सायबर तपास, आर्थिक फसवणुकीचा छडा, पीडितांना आधार ही क्षेत्रेही आहेत. पण केवळ या पदवीवर वकिली करता येत नाही, त्यासाठी कायद्याचे शिक्षण लागते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राची पदवी विचारतात. विद्यापीठांनी हे माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापावे. शेवटच्या वर्षी कळले, तर मुलांनी करायचे काय? शिवाय अहवाललेखन आणि संख्याशास्त्र सक्तीचे करावे, आणि निदान एक सत्र तरी न्यायालयात व तुरुंगात प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवावे.

– एक वाचक