आधी बुडण्याची तयारी, मग तोफ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सुट्टी विशेष पुरवणीत रिमोटवर चालणाऱ्या आणि एकमेकींवर खरोखर छर्रे झाडणाऱ्या युद्धनौकांच्या प्रतिकृतींवर मजकूर आला, याचा फार आनंद झाला. मराठीत या छंदाबद्दल क्वचितच काही छापून येते. मात्र त्यातली कृती उलट क्रमाने आली आहे. आधी तोफ, मग तिच्या मापाचे जहाज आणि शेवटी ‘गळती लागल्यास फटींत लांबी (पुट्टी) भरावी’. या क्रमाने बांधलेले जहाज पहिल्याच झुंजीत तळ गाठेल. मुलांच्या डोळ्यांना धोका होईल तो वेगळाच. म्हणून हे सविस्तर पत्र.

हा छंद 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टेक्सासमध्ये सुरू झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या खऱ्या युद्धनौका 1:144 या प्रमाणात बांधायच्या, त्यांच्या अंगावर मुद्दाम भोके पडू शकतील अशी कातडी चढवायची आणि तळ्यात झुंजवायच्या, असे त्याचे स्वरूप आहे. जहाज बुडणे हा अपघात नसून खेळाचा भाग आहे. त्यामुळे ‘गळती लागल्यास’ हा शब्दप्रयोगच इथे चुकतो. गळती लागणारच, ती गृहीत धरून बांधायचे असते.

सुरुवात जहाजाच्या निवडीपासून करू. 1:144 मध्ये लांबी 144 पट घटते, वजन मात्र 144 च्या घनाने, म्हणजे जवळजवळ 30 लाख पटींनी घटते. प्रतिकृतीच्या एका किलोमागे खऱ्या जहाजाचे सुमारे 3,000 टन, हा हिशेब लक्षात ठेवावा. भारतीय माणसाला साहजिकच आपली ‘दिल्ली’ बांधावीशी वाटते. 1948 मध्ये आपल्याकडे आलेली ही क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका) म्हणजे आधीची ‘अकिलिस’. डिसेंबर 1939 मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत ती जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी लढली होती. ही इच्छा आम्हाला मनापासून पटते, पण पहिले जहाज म्हणून ती घेऊ नये. तिची प्रतिकृती सुमारे 117 सेंटिमीटर लांब, रुंदीला जेमतेम 12 सेंटिमीटर आणि पूर्ण भारासह सव्वातीन किलो. बॅटरी, मोटर, पंप, गॅसची बाटली आणि तोफा एवढ्यात बसवताना भार जहाजाच्या वरच्या भागात येतो आणि वळण घेताना जहाज कलंडते. तेवढ्याच लांबीची जर्मन बॅटलक्रूझर ‘फॉन डेर टान’ घ्या. 119 सेंटिमीटर लांब, साडेअठरा सेंटिमीटर रुंद आणि वजन सात किलोंच्या घरात. लांबी तीच, पण वजनाची मुभा दुपटीहून जास्त. नवशिक्याला हीच मुभा वाचवते.

सांगाडा प्लायवूडच्या बरगड्यांचा करतात, किंवा फायबरग्लासचे तयार कवच आणून त्याच्या बाजूंना खिडक्या कापतात. या खिडक्या डेकच्या काठापासून पाणपातळीच्या खाली साधारण इंचभर उतरतात. त्याखालचा तळ टणक ठेवता येतो. बरगड्या किती रुंद आणि किती अंतरावर असाव्यात, हे आपण ज्या गटात खेळतो त्याच्या नियमात दिलेले असते. ते वाचल्याशिवाय करवत हातात घेऊ नये.

खिडक्यांवर 1/32 इंच, म्हणजे सुमारे 0.8 मिलिमीटर जाडीचा बाल्सा (अतिशय हलके, मऊ लाकूड) चढवायचा. नुसता बाल्सा रेषेच्या दिशेने चिरतो, आणि एका छर्ऱ्याने बोटभर लांब फट पडते. म्हणून त्याला आतून मॉडेल विमानांचा पातळ कागद डोपने (पातळ लॅकरने) चिकटवतात. मग भोक छर्ऱ्याएवढेच पडते आणि झुंजीनंतर तुकडा लावून बुजवताही येते. रंगाचा हात मात्र हलका हवा. थरावर थर दिले की बाल्सा टणक होतो आणि छर्रा उसळून परततो. ही सरळ फसवणूक आहे, शिवाय उसळलेला छर्रा काठावरच्या माणसाकडे येतो.

आता पाणी. पुरवणीतल्या मजकुरात याबद्दल एक ओळही नव्हती, आणि जहाज जगते की मरते ते इथेच ठरते. साडेचार मिलिमीटरचे एक भोक पाणपातळीखाली अडीच सेंटिमीटरवर असेल, तर त्यातून मिनिटाला साधारण 400 मिलिलिटर पाणी आत येते. अशी पंधरा भोके म्हणजे मिनिटाला सहा लिटर. पंपाच्या तोंडाचा व्यास नियमाने 1/8 इंचावर बांधलेला असतो. त्यातून चांगला पंप मिनिटाला सहा-सात लिटर फेकू शकतो. तेव्हा पंधरा-सोळा भोकांपर्यंत जहाज तग धरते. त्यानंतर ते थोडे खाली बसते, वरची कोरडी भोकेही पाण्याखाली जातात, जुन्या भोकांवरचा दाब वाढतो आणि पुढचा खेळ मिनिटभरात आटोपतो. विरोधक जवळ येऊन खालच्या बाजूला मारा करतो तो याचसाठी. गुणही त्याच हिशेबाने असतात: पाणपातळीच्या वरच्या भोकाला 10, पातळीवरच्या भोकाला 25 आणि खालच्याला 50.

आत आलेले पाणी मोकळे सोडले तर ते एका बाजूला धावते, जहाज त्या बाजूला झुकते, आणखी पाणी तिकडेच धावते आणि पंप चालू असतानाच जहाज उलटते. यावर उपाय म्हणजे जहाजाच्या कण्यालगत, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेवर, दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची पन्हळ ठेवून दोन्ही बाजूंचा तळ फोमने किंवा लाकडाने भरून, इपॉक्सीने बंद करणे. भराव पन्हळीकडे उतरता हवा. पंप सर्वांत खोल जागी बसवावा आणि त्याच्याभोवती जाळी हवीच. बाल्साचे तुकडे, आत पडलेले छर्रे आणि शेवाळ यांनी पंप तुंबतो. बुडालेली जहाजे उघडून पाहिली तर भोके मोजकीच आणि पंपात लाकडाचा एक कपचा, असे वारंवार आढळते. बॅटरी कण्याच्या जितकी जवळ बसेल तितकी बसवावी.

एवढे झाल्यावर, दोन-तीन वेळा नुसते तरंगवून आणि मुद्दाम पाणी ओतून पंपाची परीक्षा घेतल्यावर, तोफ हाती घ्यावी. मजकुरात सुचवलेली छर्ऱ्याची बंदूक कापून जहाजात बसवणे पूर्ण चुकीचे आहे. तिचा जोर बाल्सासाठी अवाजवी आणि माणसासाठी घातक असतो. या खेळातली तोफ कार्बन डायऑक्साइडवर चालते. छर्रा नळीच्या मुळाशी रबरी ओ-रिंगवर अडतो, सर्व्हो (रिमोटवर हलणारी लहान मोटर) लहानसा व्हॉल्व दाबतो आणि मागे साठलेला गॅस छर्रा ढकलतो. ओ-रिंग झिजली की एका दाबात दोन छर्रे सुटतात, किंवा वळताना छर्रे आपोआप गळतात. ती स्वस्त वस्तू आहे, झुंजीआधी बदलावी. गॅसचा दाब रेग्युलेटरने 150 पीएसआयच्या, म्हणजे सुमारे दहा बारच्या वर जाऊ देत नाहीत. नळी किंचित खाली झुकवतात, म्हणजे चुकलेला छर्रा पाण्यातच जातो.

बाटलीबाबत आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट ठासून सांगायला हवी. 20 अंश सेल्सिअसला तिच्यातला दाब सुमारे 57 बार असतो, आणि 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही. आपला मे महिना या तापमानाच्या बराच वर असतो. काठोकाठ भरलेली बाटली उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली तर दाब झपाट्याने चढतो. शंभर ग्रॅम गॅसची बाटली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामी आणि भरलेली तोलावी, ठरल्यापेक्षा एक ग्रॅमही जास्त नको. बाटली आडवी ठेवायची असेल तर आत वाकडी नळी असलेला व्हॉल्व घ्यावा. नाहीतर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, तो गोठतो आणि तोफ थंड पडते. अर्धा लिटरपेक्षा मोठी टाकी ‘गॅस सिलिंडर नियम, 2016’ खाली येते, आणि ते नियम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरलाच आहे. छर्ऱ्यांच्या तोफेबद्दलही आधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी विचारावे.

रिमोटच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी पाण्यात जवळजवळ शिरत नाहीत, म्हणून अँटेना डेकच्या वर हवा. सिग्नल तुटताच मोटर थांबेल आणि तोफ बंद राहील, असा फेलसेफ लावून तो काठावर ट्रान्समीटर बंद करून तपासावा. डेकखाली दोरीला बांधलेला एक लहान तरंगता ठोकळा ठेवावा. जहाज बुडाले की तो वर येतो आणि गढूळ पाण्यात जागा सापडते.

झुंज गावाच्या तलावात नको. लोक पोहतात, गुरे पाणी पितात आणि पोलादी छर्रे तळाशी राहतात. मालकाच्या परवानगीने खासगी शेततळे मिळाले तर पाहावे. मात्र प्लास्टिक अंथरलेले शेततळे टाळावे, छर्रे आणि पाय दोन्हींनी ते फाटते. काठावरच्या प्रत्येकाच्या, केवळ पाहायला आलेल्यांच्याही, डोळ्यांवर धक्का सोसणारा संरक्षक चष्मा हवा. जहाज पाण्याबाहेर काढण्याआधी तोफेच्या तोंडात बूच घालावे आणि मगच ते उचलावे.

आपले,
जहाजांच्या प्रतिकृती बांधणारे काही वाचक