गट आमचा, किल्ली कंपनीची: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

जालना, पैठण, गेवराई या पट्ट्यातील मोसंबी उत्पादकांचा एक गट आम्ही २०१२-१३ च्या दुष्काळानंतर एका बड्या समाजमाध्यम कंपनीच्या मंचावर सुरू केला होता. गेल्या महिन्यात तो एका रात्रीत बंद करण्यात आला. 'घातक पदार्थांची विक्री' असे कारण कळवण्यात आले, तेही इंग्रजीत. आमच्याकडे विक्री कसलीच होत नव्हती. कोळशी, सायला या मोसंबीवरच्या कीड-रोगांवर कोणी काय फवारले, त्या बाटल्यांचे फोटो तेवढे होते.

काय गेले, ते आपल्याला सांगणे आवश्यक आहे. त्या दुष्काळात टँकरने पाणी घालूनही बागा वाळल्या, तेव्हा कोणत्या जमिनीत रंगपूर लिंबाच्या खुंटावर (ज्या मुळाच्या रोपावर मोसंबीचे कलम बांधतात त्यावर) वाढलेली झाडे तगली आणि कोणत्या जमिनीत जंबेरीच्या खुंटावरची, याची नोंद शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत उभे राहून केली होती. डिंक्या रोग लागलेल्या खोडांचे वर्षानुवर्षांचे फोटो, आंबे बहाराच्या फुलोऱ्यासाठी पाणी बंद करून बागेला ताण कधी दिला आणि पाणी सोडून तो कधी तोडला याच्या तारखा, फळगळीवरचे वाद, व्यापाऱ्याने कोणत्या आठवड्यात काय भाव पाडला त्याची हकीकत, हे सारे दहा-अकरा हजार माणसांनी फुकट लिहिले आणि आम्ही चार-पाच जणांनी रात्री जागून, भांडणे मिटवत, खोट्या जाहिराती काढत ते फुकटच सांभाळले.

आता कायदा पाहू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ नुसार ही कंपनी केवळ 'मध्यस्थ' आहे. गटात कोणी आक्षेपार्ह लिहिले, तर ते तिचे नव्हे, लिहिणाऱ्याचे. मान्य. मग कुलूप लावताना तेच लिखाण अचानक तिचे कसे होते? जबाबदारीच्या वेळी मजकूर आमचा आणि मालकीच्या वेळी तिचा, ही सोय मोठी सुरेख आहे.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी आपल्याच मंत्रालयाने अशा कंपन्यांसाठी नियम आणले. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत, आणि मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढण्यापूर्वी कारणासह सूचना द्यावी, म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे त्यांत होते. आम्हाला पोच मात्र तत्परतेने आली, कारण ती यंत्र पाठवते. पुढे माणूस नावाची गोष्ट भेटली नाही. २०२३ मध्ये तक्रार अपील समित्या स्थापन झाल्या, हे ठाऊक आहे. परंतु तेथे जाणारा एकटा 'वापरकर्ता' असतो. कायद्याला वापरकर्ता दिसतो, कंपनी दिसते. हजारो माणसांनी मिळून उभे केलेले सामायिक काम कोठेच दिसत नाही. २०१९ च्या विदा (डेटा) संरक्षण विधेयकात आपला मजकूर दुसरीकडे घेऊन जाण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो शोधूनही सापडत नाही. तो कोणाला नडत होता?

माझे म्हणाल, तर गटाबरोबर माझे वैयक्तिक खातेही गेले आणि त्यासोबत माझ्या बागेची सगळी दैनंदिनी गेली. बाजारात भेटणारा प्रत्येक जण मलाच आरोपी समजतो. एकाने तर, 'गट विकून किती मिळाले, काका?' असे चहाच्या टपरीवर सर्वांदेखत विचारले. रक्तदाबाची गोळी दुप्पट झाली आहे. तिचे बिल कोणाकडे पाठवावे, हेही नियमात नाही.

२०२१ मध्ये सरकारनेच फेसबुकचे भारतातील वापरकर्ते ४१ कोटी आणि व्हॉट्सॲपचे ५३ कोटी सांगितले होते. एवढी माणसे हाताशी असलेल्या कोणत्याही कंपनीने ४१ कोटी डोक्यांमागे वर्षाला शंभरच रुपये जाहिरातीतून काढले, असे धरले, तरी चार हजार कोटी होतात. हिशेब माझा आहे, चुकला असल्यास आपल्या अधिकाऱ्यांनी दुरुस्त करावा. पण त्यातून मराठी वाचणारा एक माणूस जालन्याला बसवता येत नाही, हे मला पटवून दाखवावे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तेव्हा तीन महिने आधी सांगितले गेले होते आणि आपापला मजकूर उतरवून घ्यायला पुढे दोन वर्षे मिळाली होती. म्हणजे जमते, भाग पाडणारा कोणी नसतो, एवढेच.

आमच्या मराठवाड्याला हा प्रकार नवा नाही. दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला मालकाने वाटेल तेव्हा हुसकावू नये, म्हणून १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला आणि संरक्षित कुळांची नोंद झाली. निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती, तरी त्या सरकारला एवढे सुचले. डिजिटल इंडियाच्या घोषणेला दहा वर्षे उलटली. आपल्या सरकारला जाहिरातीचे फलक सुचले.

मागणी अवघड नाही. गट बंद करण्यापूर्वी तो चालवणाऱ्यांना त्यांच्या भाषेत सूचना द्यावी, निर्णय माणसाने तपासावा, आणि बंद केलाच, तर निदान नव्वद दिवस सर्व मजकुराची प्रत उतरवून घेऊ द्यावी, एवढी दुरुस्ती नियमांत करावी. तोवर आमच्या नोंदी परत देण्याविषयी कंपनीकडे लेखी विचारणा करावी. डिसेंबरात आंबे बहारासाठी बागा ताणावर सोडायच्या आहेत. प्रत त्याआधी मिळाली, तरच तिचा उपयोग.

आपला,
एक मोसंबी उत्पादक
ता. अंबड, जि. जालना