साउंड सांभाळणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र जाहीर का लिहितो आहे ते आधी सांगतो. तुमचे आभार मानण्याचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तुम्ही केबल गुंडाळता गुंडाळता “अहो, त्यात काय एवढे” असे म्हणून विषय बदललात. शिवाय कानात श्रवणयंत्र बसवल्यावर गाण्याबजावण्याच्या ठिकाणी जाणे सोडून दिलेले माझ्यासारखे पुष्कळ जण असतील, आणि तुम्ही माझ्यासाठी जे केलेत ते त्यांच्यापर्यंत पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमचे आणि तुम्ही जिथे साउंड सांभाळता त्या बारचे नाव मात्र लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही हे आता मला ठाऊक आहे.

माझे ऐकणे सहा वर्षांपूर्वी कमी होऊ लागले. गेले ते वरच्या पट्टीतले, म्हणजे साधारण 2000 हर्ट्‌झच्या (सेकंदाला 2000 कंपनांच्या) पुढचे, आणि उजव्या कानाचे जास्त. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांची अशी समजूत असते की कमी ऐकू येणे म्हणजे सगळेच आवाज सारखे हळू होणे. प्रत्यक्षात अ, आ, ओ या स्वरांचा जोर खालच्या भागात असतो आणि तो मला व्यवस्थित ऐकू येतो; स, श, फ, त यांसारखी व्यंजने ज्या वरच्या भागावर अवलंबून असतात तो भागच माझ्या कानातून पुसला गेला आहे. समोरचा माणूस बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो आहे ते कळत नाही. संगीतातही तेच होते. पियानोचा सूर येतो, पण हातोडी तारेवर पडल्याची जी बारीक कड त्या सुराला असते ती येत नाही.

तरुणपणापासून मी लाइव्ह ध्वनिमुद्रणांचा वेडा आहे. न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा जाझ क्लब 1935 पासून एकाच तळघरात चालू आहे, जेमतेम सव्वाशे माणसे बसतील एवढ्या जागेत. तिथली ध्वनिमुद्रणे मी वर्षानुवर्षे ऐकली आणि त्यांत मला वादनाइतकेच प्रिय होते ते मागे कुठेतरी किणकिणणारे ग्लास, कोणाचे तरी हलक्या आवाजातले बोलणे, खुर्ची सरकल्याचा आवाज. त्या आवाजांमुळे आपणही त्या खोलीत बसलो आहोत असे वाटे. श्रवणयंत्र आल्यानंतर हेच सगळ्यात आधी हरवले. एका मोठ्या ठिकाणी मी आवाज थोडा कमी करता येईल का असे विचारले, तेव्हा त्रास होत असेल तर बाहेर बसा, असे उत्तर मिळाले. त्यानंतर तीन वर्षे मी कुठेही गेलो नाही.

त्या गुरुवारी मी आपल्या गल्लीतल्या या छोट्या बारमध्ये शिरलो, तो केवळ दारावरच्या पाटीवर डबल बास, पियानो, ड्रम, सॅक्सोफोन आणि गायन एवढाच मजकूर होता म्हणून. विजेच्या गिटारी नसतील तर निभेल, असा माझा हिशेब होता. कोणाच्या अध्येमध्ये नको म्हणून मी अगदी कोपऱ्यातले स्टूल धरले. पहिल्याच गाण्यात तो हिशेब कोलमडला. बास ढगांच्या गडगडाटासारखा अंगावर येत होता, सॅक्सोफोनचा लांबवलेला सूर माझ्या कानात मध्येच थरथरू लागे, आणि ड्रमवर जोराचा ठोका पडला की गायिकेचा आवाज क्षणभर खाली दबून पुन्हा वर येई. चौथ्या गाण्याला मी दोन्ही यंत्रे काढून डबीत ठेवली आणि मध्यंतर झाले की उठायचे ठरवले.

तेव्हा तुम्ही आलात. मिक्सरपाशी, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज कमीजास्त करण्याच्या यंत्रापाशी, बसून तुम्ही मला डबी उघडताना पाहिले होते, हे मला नंतर कळले. लोक अशा वेळी “ऐकू येत नाही का?” असे विचारतात, तुम्ही समोर उभे राहून, चेहरा माझ्याकडे ठेवून, सावकाश विचारलेत, “तुम्हाला नेमके काय ऐकू येते आहे?” सहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता. मी यंत्रे पुन्हा कानात घातली आणि बास, सॅक्सोफोन, ड्रम असे एकेक सांगत गेलो. तुम्ही मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलेत.

मग तुम्ही मला खोलीभर फिरवलेत. मध्यंतराची पंधरा मिनिटे तुमच्या कामाची असतात, दोन माइक बदलायचे असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आज माहीत आहे, म्हणून त्या पंधरा मिनिटांचे मोल अधिकच जाणवते. तुम्ही सांगितलेत की डबल बासची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्‌झवर वाजते आणि हवेत तिची एक लाट आठ मीटरपेक्षाही लांब असते. आपली खोली लांबीला जेमतेम तेवढी. एवढ्या लांब लाटा भिंतींवर आपटून परततात आणि कोपऱ्यात साचतात. कोपऱ्यात बसणाऱ्याला बास फुगलेला ऐकू येतो आणि त्याखाली बाकीचे सगळे दबून जाते. सभ्यपणा म्हणून निवडलेली माझी जागा माझ्यासाठी खोलीतली सर्वांत वाईट जागा होती.

तुम्ही मला जी जागा दिलीत ती खांबाशेजारची. तिथून गायिकेचा चेहरा समोर दिसतो आणि ओठ दिसले की हरवलेल्या व्यंजनांपैकी अर्धी तरी डोळ्यांनी भरून काढता येतात. डावा, म्हणजे बरा कान स्टेजकडे येतो. मागचा खांब काउंटरवरची खडखड अडवतो. ड्रमच्या सिंबलपासून, म्हणजे झांजांपासून, ती जागा पुरेशी दूर आहे, आणि स्पीकरच्या थेट तोंडावरही नाही. स्टूल ठेवल्यावर तुम्ही खाली बसून माझ्या कानाच्या उंचीवर डोके आणलेत, डोळे मिटलेत, स्टूल वीतभर डावीकडे सरकवलेत आणि पुन्हा ऐकलेत. ते वीतभर सरकवणे मी विसरू शकत नाही.

सॅक्सोफोनचा सूर का थरथरतो याचे तुम्ही दिलेले उत्तर माझ्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत नव्हते. माइकने स्पीकरचा आवाज पुन्हा उचलला की साउंड शिट्टी मारतो, हे सगळ्यांनी अनुभवलेले असते. श्रवणयंत्रात तर माइक आणि स्पीकर यांच्यात अवघ्या काही सेंटिमीटरचे अंतर. त्यामुळे शिट्टी ओळखून ती दाबून टाकण्याची सोय यंत्रात केलेली असते, आणि लांब, स्थिर, वरच्या पट्टीतला सूर लागला की यंत्र त्यालाच शिट्टी समजून त्याच्याशी झगडू लागते. ड्रमच्या ठोक्याने गाणे दबते त्याचेही कारण असेच आहे. यंत्राची जडणघडण माणसाच्या बोलण्यासाठी झालेली असते, आणि साधे बोलणे एका मीटरवरून 60 ते 65 डेसिबलच्या आसपास असते. त्याहून कितीतरी मोठा आवाज अचानक आला की यंत्र सगळेच खाली ओढते. “दोष तुमच्या कानाचा नाही आणि वादकांचाही नाही,” असे तुम्ही म्हणालात. संगीतासाठी यंत्रात वेगळा प्रोग्रॅम करून घ्या, शिट्टी दाबणारी आणि गोंगाट कमी करणारी सोय त्यात बंद किंवा अगदी सौम्य ठेवायला सांगा, असे तुम्ही मला कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलेत. तो चिठोरा अजून माझ्या पाकिटात आहे. पुढच्या आठवड्यात ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, तो वाचला आणि अर्ध्या तासात प्रोग्रॅम तयार करून दिला.

तुमच्याकडे आलो नसतो तर आणखी एक गोष्ट मला कळली नसती. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये ही गोष्ट मांडली आणि ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. बारमध्ये मध्यंतरात संगीत मोठ्याने लावले की लोक त्याच्या वर बोलतात, शेजारची मंडळी त्यांच्या वर बोलतात, आणि पुढचे गाणे सुरू होते तेव्हा या सगळ्याच्या वर जाण्यासाठी वादकांना आणखी जोर करावा लागतो. म्हणून तुम्ही मध्यंतरात संगीत मुद्दाम हळू ठेवता. लोक आपोआप खाली उतरतात. मी चार गुरुवार लक्ष देऊन पाहिले आणि हे दर वेळी घडताना पाहिले. कोणालाही गप्प बसा असे म्हणावे लागले नाही. श्रवणयंत्रवाल्याला समोरच्याचे बोलणे गोंगाटातून वेगळे काढणे हीच सर्वांत कठीण गोष्ट असते. त्या संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या आजोबांशी मी दहा मिनिटे गप्पा मारल्या, हे माझ्या घरी कोणाला खरे वाटले नाही.

मिक्सरशेजारी ठेवलेल्या छोट्या डेसिबल मीटरकडे तुमची नजर सारखी जाते, तेही मी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या जागांसाठी जे मानक दिले त्यात पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. तुम्ही त्याच्या पुष्कळ खाली राहता. मी कारण विचारले तेव्हा तुम्ही सांगितलेत की हा आकडा पाहुण्यांच्या एका संध्याकाळपुरता ठीक आहे, पण काउंटरमागची मुले इथे रोज रात्री सहा सहा तास उभी असतात. 85 डेसिबलमध्ये आठ तास काढता येतात, मात्र दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते, हा हिशेब तुम्हीच मला बोटांवर करून दाखवलात. हे मी कान जायच्या आधी ऐकले असते तर किती बरे झाले असते.

एका दुपारी तुम्ही मला साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून पाहतात तेव्हा, बोलावलेत. रिकाम्या खोलीत तुम्ही एकदा टाळी वाजवलीत आणि तिचा पडसाद काचेवरून, छतावरून खणखणत परत आला. रात्री माणसे बसली की हा खणखणाट उरत नाही, कारण कपडे आणि अंगे वरचे सूर शोषून घेतात. 1895 च्या सुमारास वॉलेस सेबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी एका व्याख्यानगृहात गाद्या आत-बाहेर करून हेच मोजले होते. त्यामुळे दुपारी कानाला किंचित बोचेल असा साउंड तुम्ही तसाच सोडून देता, तो रात्री बरोबर बसतो. नवखा माणूस दुपारीच वरचे सूर कमी करून टाकेल आणि रात्री गायिकेचे शब्द हरवतील. माझ्यासारख्याचे तर सगळ्यांत आधी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. नवा प्रोग्रॅम घेऊन मी आलो त्या रात्रीचे तिसरे गाणे संथ होते. ड्रमरने काठ्या बाजूला ठेवल्या आणि तारांचे ब्रश घेतले. ब्रश स्नेअर या छोट्या ड्रमवर गोल फिरू लागला, आणि मला तो ऐकू आला. वाळूवरून कापड ओढल्यासारखा, प्रत्येक फेऱ्यात एका जागी थोडा दाट होणारा तो आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. ऐकला नव्हता हेही मला त्या क्षणापर्यंत कळले नव्हते. बासवादकाचे बोट तारेवरून सरकल्याचा आवाज आला. गायिकेने शेवटच्या ओळीपूर्वी श्वास घेतला, तो आला. गाणे संपले, टाळ्या सुरू व्हायच्या आधी कोणाच्या तरी ग्लासात बर्फाचा तुकडा वितळून खाली घसरला आणि काचेला लागला, तो आवाजही आला. मी मागे वळून मिक्सरकडे पाहिले. तुम्ही पडद्यावर नजर ठेवून काही तरी करत होतात, तुमचे माझ्याकडे लक्ष नव्हते, आणि ते बरेच झाले, कारण मला तेव्हा बोलता आले नसते. ताई, त्या बर्फाच्या तुकड्यासाठी मी तुमचा ऋणी आहे.

जाता जाता एक विनंती. माइकच्या स्टँडची जागा चुकू नये म्हणून तुम्ही स्टेजवर पांढऱ्या टेपच्या फुल्या मारता, तशीच एक फुली तुम्ही खांबाशेजारी माझ्या स्टुलाखालीही मारली आहे. मागच्या गुरुवारी पाहिले तेव्हा रोजच्या पुसण्याने ती जवळजवळ निघून आली होती. नवी लावाल तेव्हा शेजारी आणखी एक लावता आली तर पाहा. माझ्या धाकट्या बहिणीलाही आता यंत्र लागले आहे, तिचा उजवा कान बरा आहे, आणि येत्या गुरुवारी मी तिला बरोबर घेऊन येणार आहे.

आपला कृतज्ञ,
खांबाशेजारच्या स्टुलावरचा श्रोता