पैसे तिच्या खात्यात, ओटीपी त्याच्या मोबाईलवर

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया, सविनय नमस्कार.

भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत मी बायकांना सरकारी अर्ज भरायला मदत करते. 'लाडकी बहीण'चे दीड हजार इथे औषधपाण्याला, पोरांच्या वह्यांना लागतात. त्याबद्दल मनापासून आभार. पण नवरा बायकोच्या हाती पैसा टिकूच देत नाही, अशी घरंही आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र.

खातं तिचं, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. खात्याला नंबर त्याचा, म्हणजे मेसेजही त्यालाच. आमच्याकडे येणारी एक बाई चार घरची धुणीभांडी करते. पगार नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि रोज सकाळी शंभर रुपये मागून घ्यायचे. संध्याकाळी वही उघडून हिशोब: कोथिंबिरीची जुडी, शेअर रिक्षा, पोराची पेन्सिल. दहा रुपयांचा मेळ लागला नाही की शिव्या सुरू. "मारत नाही हो कधी," ती सांगते. म्हणून तक्रार करावी असं तिच्या मनातही येत नाही.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र आर्थिक छळ मारहाणीच्या रांगेतच बसवलाय. हक्काचा पैसा अडवणं, स्त्रीधन परस्पर विकणं, राहत्या घरात येऊ न देणं, हे सगळं त्यात येतं. कलम 18 खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला खातं आणि लॉकर वापरायला मनाई करू शकतात. लग्नाशिवाय नवराबायकोसारखं राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे. वस्तीत हे कुणाला ठाऊक आहे?

त्यात सप्टेंबर 2025 मध्ये 'लाडकी बहीण'साठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख तपासणी, आली आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला गेला. उत्पन्न तपासायला हवं, हे मान्य. पण ज्याच्या धाकात ती जगते, त्याच्याच मोबाईलवर तिच्या हक्काची किल्ली पाठवली, असा त्याचा अर्थ झाला. विधवा आणि घटस्फोटितांसाठी पुढे दाखल्याची सोय केलीत. टाकून दिलेल्या बाईकडे असा दाखला नसतो. परित्यक्तेला योजनेत पात्र तुम्हीच ठरवलंत, मग तिने ओटीपी कुणाकडे मागायचा?

मी बायकांना सांगते, स्वतःच्या नंबरवर वेगळं खातं काढा, पिन कुणाला देऊ नका. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या माहेरी ठेवा. न वाचता कर्जाच्या कागदावर सही करू नका, कारण जामीनदार झालात तर बँक तुमच्याकडूनही वसूल करते. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून बघा, तुमच्या नावावर कुणी कर्ज उचललं असेल तर कळेल. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

पण माझ्यासारखी एकटी किती दारं गाठणार? तुमची अंगणवाडी सेविका प्रत्येक गल्लीत जाते. तिच्या हाती आर्थिक छळाची माहिती देणारं एक पान द्या. त्यावर 181 हा हेल्पलाइन नंबर आणि याच कायद्याखाली नेमलेल्या त्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता छापा. पैसे जमा झाल्याचा मेसेज बाईच्याच नंबरवर जातो की नाही, हे बँकांकडून तपासून घ्या. आणि परित्यक्तेसाठी नवऱ्याच्या ओटीपीची अट काढून सेविकेने केलेली चौकशी ग्राह्य धरा. यातलं हे शेवटचं तरी आधी करा, महोदया. ती बाई हप्त्याची वाट बघतेय.

आपली,
भांडुपमधली एक कार्यकर्ती