एसीवाल्या भाऊंना, होळीच्या आधी आल्याबद्दल

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "छापू नका ताई, मे महिन्यात आधीच फोन उचलून उचलून कान दुखते," असं तुम्हीच म्हणाला होता. बिलाच्या वर ठेवलेले दोनशे रुपये तुम्ही परत टेबलावर ठेवलेत तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही. ते राहिलेलं आता लिहिते आहे.

आज मेची १८ तारीख. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, आठवड्यावर आलाय. दुपारचे तीन वाजलेत, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि आई तिच्या खोलीत शांत झोपली आहे.

मागच्या मेची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, खाटेवरून उठता येत नव्हतं. तिच्या खोलीला एकच खिडकी, तीही दोन घरांमधल्या सांदीत उघडणारी. आपल्या नागपुरात कूलरसारखं सुख नाही हे मलाही मान्य. पण कूलरला बाहेरची मोकळी हवा लागते आणि आतली जायला वाट लागते. त्या सांदीतून तो नुसता घाम आणतो. म्हणून त्या एका खोलीपुरता एसी घेतलेला. तो ऐन नवतप्यात बिघडला. खोलीत ३३ अंश, इनडोरच्या, म्हणजे खोलीतल्या भागाच्या, मागून भिंतीवर पाण्याचे ओघळ, आणि झाकण उघडलं तर आतल्या नळ्यांच्या कॉइलवर पांढराशुभ्र बर्फ! बर्फ धरलाय म्हणजे यंत्र जरा जास्तच थंड करतंय, अशी माझी समजूत. मग खोली का तापली, ते कळेना. चार दिवस एकही मेकॅनिक मिळाला नाही. शेवटी आईला चौघांनी गादीसकट उचलून हॉलमध्ये कूलरसमोर आणलं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर पडून राहायचं म्हणून ती दिवसभर तोंडावर पदर घेऊन असायची. पाचव्या दिवशी जे आले त्यांनी दाब मोजायचा गेज लावला, "गॅस कमी झाला" म्हणाले, गॅस भरला, तीन हजार घेतले आणि वीस मिनिटांत गेले. त्याच्या आधीच्या दोन उन्हाळ्यांतही हेच झालं होतं. गाडीला पेट्रोल तसा एसीला गॅस, दर वर्षी भरायचाच, असं मी धरूनच चालले होते.

फेब्रुवारीत कोपऱ्यावरच्या डेअरीत तुम्ही डीप फ्रीजरपाशी उकिडवे बसला होतात. मी सहज विचारलं, मेमध्ये गॅस भरायला याल का? वर न बघताच तुम्ही म्हणालात, "गॅस काही पेट्रोल आहे का जी, संपायला? बंद नळीत फिरते तो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. मेमध्ये नाही, होळीच्या आधी येतो."

मी म्हटलं, पण हिवाळ्याआधी बंद केला तेव्हा तर बरा चालत होता.

"मे सोडून कोणाचाही चालते."

हे वाक्य मला फार उशिरा कळलं. एसीची क्षमता मोजताना बाहेरची हवा ३५ अंश धरतात. मार्चमधली आपली दुपार त्याच्याच आसपास असते, त्यामुळे अर्धवट चोंदलेलं यंत्रही निभावून नेतं. पण हे शहर २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेलं होतं. तसल्या दिवशी आऊटडोरला, म्हणजे बाहेरच्या पेटीला, आधीच तापलेल्या हवेत आणखी उष्णता ओतायची असते, आणि जी काही खोट असेल ती तेव्हाच उघडी पडते. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा तुमच्यासारख्यांचा फोन लागत नाही.

तुम्ही आलात आणि सगळ्यात आधी मला रागावलात. मी हिवाळाभर आऊटडोरला प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवलं होतं. मला वाटत होतं शाबासकी मिळेल. आत दमट हवा कोंडून स्क्रूंना गंज धरलेला, खाली उंदरांनी केलेला कागदाचा चुरा, सर्किटच्या पेटीत एक वाळलेली पाल. "ही जित्ती असताना दोन टोकांवर पडली असती न, तर सर्किटचा बोर्डच गेला असता," एवढं म्हणून तुम्ही ती चिमट्यानं उचललीत. मागची जाळी काढल्यावर मात्र तुम्हीही थबकलात. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या काटेसावरीचा मागच्या वर्षीचा कापूस आणि त्यात बसलेली धूळ, असा घोंगडीसारखा थर कॉइलवरच्या पातळ पत्र्यांवरून, त्या फिन्सवरून, अख्खाच्या अख्खा सोलून निघाला. मेन बंद करून, पेटीवर पिशवी बांधून, तुम्ही आतून बाहेर पाणी मारलंत. बाहेरून जोरात मारलं तर घाण आणखी आत बसते आणि फिन्स वाकतात, हे तेव्हा कळलं. वाकलेल्या फिन्स तुम्ही त्या छोट्या कंगव्यानं एकेक ओळ धरून सरळ केल्यात. आई खाटेवरून बघत होती. म्हणाली, "माझी वेणीसुद्धा कोणी इतक्या निगुतीनं घातली नाही."

इनडोरचं फार लिहीत नाही. फिल्टर धुतले, ड्रेन पाइपमधला काळपट शेवाळी गाळ फुंकून काढला, मग ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतून ते बाहेर पडेपर्यंत तुम्ही सांदीत उभे राहिलात.

खरं काम त्यानंतरचं. साबणाचा फेस करून तुम्ही एकेका जोडावर लावत गेलात. आऊटडोरच्या नटांना काही नाही. मग इनडोर भिंतीपासून पुढे ओढून मागच्या जोडाला फेस लावलात आणि मला बोलावलंत. टॉर्चच्या उजेडात एक बुडबुडा फुगत होता. फुटायचा, थांबायचा, पुन्हा फुगायचा. मोहरीएवढा. माझे तीन उन्हाळ्यांचे पैसे त्यातून गेले होते. तांब्याच्या नळीचं तोंड पसरवतानाच त्याला बारीक चीर गेली होती, म्हणजे यंत्र बसवल्या दिवसापासूनचं दुखणं.

बर्फाचं कोडंही तुम्ही तिथेच सोडवलंत. "कुकरात दाब वाढला का पाणी जास्त गरमावर उकळते न ताई? याच्यात उलटं. गॅस कमी, तर दाब कमी. दाब कमी, तर तो जास्तच थंडीत उकळते. कॉइलचा तेवढा तुकडा शून्याच्या खाली जाते, त्याच्यावर बर्फ धरते, अन् बर्फाच्या आडून हवाच जात नाही." मी बारावीपर्यंत भौतिकशास्त्र शिकले आहे, भाऊ. कुणी असं सांगितलं असतं तर पुढेही शिकले असते.

जोड उघडण्याआधी तुम्ही देवाच्या कोनाड्याकडे बघून म्हणालात, "आजी, निरांजन शांत करू का जी? हा आर-३२ आहे, थोडा पेटणारा असते." खिडकी उघडलीत, पंखा लावलात. उरलासुरला गॅस हवेत न सोडता रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतलात. मी नंतर वाचलं: हा एक किलो गॅस हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो साधारण ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आईची खोली गार करायला मी तीन वर्षं पैसे देऊन बाहेरचा उन्हाळा वाढवत होते म्हणायचं! नळीचं तोंड तुम्ही नव्यानं कापून पसरवलंत, नायट्रोजन भरून दाबाचा काटा हलत नाही ना ते पाहिलंत, व्हॅक्यूम पंप लावून अर्ध्या तासावर बसून राहिलात. मी म्हटलं, एवढा वेळ? तुम्ही म्हणालात, आत हवेतली ओल राहिली तर कॉम्प्रेसर खाते ती. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, आऊटडोरच्या पाटीवर लिहिलेला आकडा बघून, ग्रॅममध्ये गॅस भरलात. सोनाराकडे बसल्यासारखं वाटत होतं मला.

सकाळी दहाला आलेले तुम्ही चारला निघालात. मधे फक्त एक चहा, बिनसाखरेचा.

एप्रिलच्या शेवटी तुमचा फोन आला, त्याचे आभार वेगळे मानते. "ताई, सावर फुटली असेल तुमच्या बाजूची. जाळीवर कापूस पाहा." पाहिला तर खरोखरच पांढरी साय धरली होती. तुम्ही सांगितलं तसं मेन बंद करून मऊ ब्रशनं काढून टाकली. शहरभर इतकी कामं अंगावर असताना आमच्या शेजारचं झाड तुमच्या लक्षात कसं राहिलं, हे मला अजून कळलेलं नाही. दर दुसऱ्या रविवारी फिल्टर धुते. एसी २५ वर आणि पंखा एकवर ठेवते. आधी १८ वर ठेवायचे आणि खोली गार होत नाही म्हणून त्या यंत्राला शिव्या द्यायचे.

आईकडून एक तक्रार आहे, ती कळवायला सांगितली आहे. पहाटे पाय गार पडतात म्हणून तिनं माळ्यावरची गोधडी काढायला लावली. मे महिन्यात, नागपुरात.

पुढच्या होळीच्या आधीचा रविवार आमच्या नावावर लिहून ठेवा. प्लास्टिक गुंडाळणार नाही.

तुमची,
प्रतापनगरची ताई