घात खाली उतरला आणि घात झाला

महोदय,

रविवारच्या अंकात सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येवर मजकूर आला आहे. संख्या छापली आहे '२१३६२७९८४१-१'. ही वजाबाकी केली तर उत्तर येते २१३६२७९८४०. शेवटी चक्क शून्य! चौथीतले पोरही सांगेल की हिला दहाने भाग जातो. मग ती मूळ कसली?

काय झाले ते मला बघताक्षणी कळले. बावीस वर्षे मी साताऱ्यातल्या एका छापखान्यात जुळारी होतो, म्हणजे खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) जुळवून मजकूर उभा करायचो. बीजगणिताचे पुस्तक आले की घातांकाचे बारीक खिळे चिमट्याने बसवायचे, आणि गॅली (जुळलेल्या खिळ्यांचे तबक) उचलताना नेमका तोच खिळा निसटायचा. एकदा 'क्ष'चा वर्ग सपाट होऊन अख्खा फर्मा वाया गेला. भरपाई माझ्या पगारातून झाली. आता खिळे नाहीत, पण घात अजून खाली उतरतातच.

तुमच्या आकड्यातला पहिला २ तेवढा खाली हवा. उरलेले नऊ अंक त्याच्या डोक्यावर. म्हणजे १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ दोन एकमेकांशी गुणायचे आणि एक वजा करायचा. ल्यूक ड्युरांट यांना १२ ऑक्टोबर २०२४ रोजी सापडलेली संख्या ती ही. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तुमच्या एका पानावर वीस हजार अंक बसवले तरी दोन हजारांवर पाने लागतील. (जाहिराती वगळून.)

एवढ्या अवाढव्य संख्येचा शेवटचा अंक मात्र पाठकोऱ्या कागदावर निघतो. दोनाचे घात लिहीत गेलो तर एकं स्थानी २, ४, ८, ६ हेच चार अंक आलटून पालटून येतात. १३६२७९८४१ ला चाराने भागले की बाकी उरते १. म्हणजे एकं स्थानी २, त्यातून एक गेला, उरला १. खऱ्या संख्येच्या शेवटी एक आहे, तुमच्या शून्य.

दुसरी चूक खिळ्याची नाही. 'घात मूळ असला की अशी संख्या मूळच येते' असे लिहिले आहे. घात ११ घ्या. २०४८ वजा १, म्हणजे २०४७. आणि २३ गुणिले ८९ किती होतात, करून पाहा. उलट बाजूने ते खरे आहे: घात मूळ नसेल तर संख्याही मूळ येत नाही. अर्थात यात तुम्ही एकटे नाही. ज्यांच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात त्या फ्रेंच गणिती मर्सेन यांनीही १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांच्या आपल्या यादीत ६७ घातला होता. १९०३ मध्ये अमेरिकी गणितज्ञ फ्रँक कोल यांनी 'दोनाचा ६७ वा घात, उणे एक' या संख्येचे दोन अवयव मांडून दाखवले. त्यांतला धाकटाच १९,३७,०७,७२१ आहे.

तुमच्या संगणकाला घात वर चढवता येत नसेल तर सरळ अक्षरांत लिहावे: 'दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात, उणे एक'. ओळ थोडी लांबेल, पण तिच्यातून काही निसटणार नाही.

– एक निवृत्त जुळारी, सातारा